तिसऱ्यात तेल कमी मावतं

१

बहीण-भावांचं ते इंजिनांचं वर्कशॉप होतं, आणि त्यात कामाची वाटणी सरळ होती. धाकटा खोलायचा आणि ताई मोजायची. धाकट्याचं म्हणणं जरा वेगळं होतं. त्याच्या मते तो इंजिनांना ताकद द्यायचा आणि ताई त्या ताकदीला कात्री लावायची. म्हणून तो तिला चिडवायला ‘मापाडी’ म्हणे, आणि गिऱ्हाइकांनीही ते नाव उचललं होतं. ताईला त्याचा राग येत नसे. मोजल्याशिवाय तिने कधी झाकण लावलंच नव्हतं, मग ते इंजिनाचं असो की साखरेच्या डब्याचं.

सध्या स्टँडवर होतं ते ट्रॅक्टरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. मातीच्या मैदानावर वजनाची घसरगाडी ओढायच्या शर्यती व्हायच्या, त्यात धाकटा या इंजिनावर उतरणार होता. डेपोतली कायमची नोकरी सोडून तो या धंद्यात आला होता. एकदा शर्यतीत नाव झालं की गिऱ्हाईक आपल्या पायांनी दारात येईल, असा त्याचा हिशेब. त्यासाठी त्याने भलामोठा टर्बो आणला होता. टर्बो हवा कोंबतो. हवा जास्त कोंबायची तर पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर जागा जास्त ठेवावी लागते, नाहीतर दाब इतका चढतो की सांध्यातलं गॅस्केट फुटतं. पण जागा फारच ठेवली तर हवा पुरेशी तापत नाही आणि थंड इंजिन पेटतच नाही. डिझेलला ठिणगी नसते, त्याचं सगळं काम दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. एवढी सगळी मारामारी त्या थोडक्या जागेपायी.

टेबलावर पिस्टनचे तीन संच मांडले होते; कॉम्प्रेशनचा आकडा जितका लहान, तितकी आत जागा जास्त. पहिले मूळचे, डोक्यावर उथळ वाटी असलेले, कॉम्प्रेशन साडेसतराचं. दुसरे सोळाचे. तिसरे टर्नरकाकांनी लेथवर वाटी खोल करून दिलेले, चौदाचे. टर्नरकाका म्हणजे वडिलांचे जुने दोस्त, शेजारच्याच गाळ्यात त्यांचा लेथ होता. वडील गेल्यापासून ते या दोघांच्या भांडणात पंचाचं काम करायचे आणि दोघांच्याही शिव्या खायचे. धाकट्याला चौदाचे हवे होते. ताई म्हणाली, सोळाच्या खाली गेलास तर इंजिन सुरू करायला धक्का मारायला माणसं लागतील. काकांनी ताईच्या पारड्यात वजन टाकलं आणि मधले पिस्टन बसले.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जड झाकण, बसवण्याआधी धाकट्याने नेहमीप्रमाणे प्रत्येक बोअरमध्ये, पिस्टनच्या नळकांड्यात, धूळ काढायला तोंडाने फुंकर मारली. ही वडिलांची खोड. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, असं ते म्हणायचे. फुंकरीत थुंकी असते, असं ताई म्हणायची, पण वडील असतानाही तिचं कोणी ऐकलं नव्हतं. धाकटा तिसऱ्या बोअरवर वाकला असतानाच काकांच्या हातून चेनपुली सुटली आणि वर टांगलेलं हेड धाडकन खाली आलं. त्याने डोकं काढलं म्हणून वाचला. ताई धावत आली. धाकटा मात्र हसत सुटला.

“तोंड वाचलं,” तो म्हणाला, “फुंकर राहिली आत.”

ताईने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, हेड नीट बसलंय ना ते पाहिलं, आणि बोल्ट आवळायला घेतले.

मग तिचं काम. पिस्टन टॉपला आणायचा, म्हणजे बोअरमध्ये जितका वर जातो तितका वर. मग हेडमध्ये डिझेलच्या फवाऱ्यासाठी असलेल्या नोझलच्या भोकातून, काचेच्या मापनळीने, पातळ तेल आत सोडायचं. भोकाच्या तोंडाशी तेल येऊन टेकलं की थांबायचं. जेवढं तेल मावलं तेवढी जागा. पहिल्यात, दुसऱ्यात, चौथ्यात माप एकसारखं आलं.

तिसऱ्यात कमी मावलं. फार नाही, एक चमचाभर.

२

चमचाभर म्हणजे तिच्या धंद्यात काही थोडं नव्हे. तिने तेल काढलं, पुन्हा भरलं. तेवढंच कमी. हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून इंजिन कलतं करून पाहिलं. मग हेड उतरवलं. आत चिंधी नाही, काजळी नाही, पिस्टन नव्या भांड्यासारखा लख्ख. तिने दुसऱ्याचा पिस्टन तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात घातला. कमी तिसऱ्यातच. काकांच्या गाळ्यात पडलेलं दुसरं हेड आणून चढवलं. तरी तिसऱ्यातच. आता पिस्टनही बदलला होता, हेडही बदललं होतं. उरली ती आतली मोकळी जागा, आणि तीच कमी भरत होती.

धाकट्याला या मापामापीचा कंटाळा आला होता. एका चमच्याने काय बिघडतंय, असं म्हणून तो पार्टिशनच्या पलीकडे फोनवर बोलत बसला. ताईने शेवटचं एकदा भरायचं ठरवलं. तेल भोकाच्या तोंडाशी आलं. तिने नळी बाजूला केली आणि नजर लावून बसली.

तेल थोडं वर आलं. मग खाली गेलं. मग पुन्हा वर आलं.

पिस्टनच्या रिंगांतून गळत असेल तर तेल नुसतं खाली जातं, ते परत वर येत नाही. ताईला आधी आठवला तो कॉम्प्रेसर. कोपऱ्यात तो धडधडत होता, त्याचा हादरा असणार. तिने जाऊन तो बंद केला. वर्कशॉप शांत झालं. रस्त्यावरून एखादी गाडी जात असेल म्हणून ती शटरपर्यंत जाऊन आली. रस्ता मोकळा होता. मग तिने एक वाटी तेलाने काठोकाठ भरली आणि इंजिनावरच, तिसऱ्या भोकाच्या शेजारी ठेवली.

वाटीतलं तेल आरशासारखं स्थिर होतं. भोकातलं तेल वर येत होतं आणि खाली जात होतं, सावकाश, घाई नसल्यासारखं.

ताई स्टुलावर बसली. आपण सकाळपासून नीट काही खाल्लं नाही, हे तिने स्वतःला सांगितलं. डोळे चोळले. मग तेल तसंच ठेवून, भोकावर फडकं टाकून, ती हात धुवायला गेली.

३

त्या दिवशी पिस्टन टॉपलाच राहिला. दुसऱ्या दिवशी धाकटा उशिरा आला आणि आल्या आल्या बाकावर टेकला. त्याचा चेहरा ओढलेला होता. जिना चढून आल्यासारखा तो धापा टाकत होता, आणि वर्कशॉपला जिना नव्हता. थोड्या वेळाने वहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, ताईला फोन आला. रात्रभर ते खिडकीशी उठून बसले होते, ती सांगत होती. श्वास पुरा आत जात नाही म्हणतात. छातीवर कोणी हात ठेवलाय असं वाटतंय म्हणतात. ताई, तुम्हीच जरा डॉक्टरकडे न्या, माझं काही ऐकत नाहीत.

ताईने त्याला ओढून नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. सगळं चांगलं निघालं. वर्कशॉपची धूळ असेल, मास्क लावा, म्हणाले. धाकट्याने मास्क खिशात घातला आणि परत येताना ताईला म्हणाला, बघ, मी ठणठणीत आहे, उगाच अर्धा दिवस घालवलास.

परत आल्यावर ताईने तेल काढून घेतलं. मग इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. तिसरा पिस्टन टॉपवरून खाली गेला.

बाकावर धाकट्याने एक लांबलचक श्वास घेतला, बुडी मारून वर आलेल्या माणसासारखा. “हां,” तो म्हणाला, “आता बरं वाटतंय.” आणि उठून कामाला लागला.

ताईच्या हातात पाना तसाच राहिला. योगायोग, ती मनात म्हणाली. डॉक्टरकडे जाऊन आलं की निम्मं दुखणं पळतंच. मग तिने कामाच्या निमित्ताने पाना पुन्हा फिरवला. तिसरा वर येऊ लागला. धाकटा काकांना काहीतरी सांगत होता, गेल्या शर्यतीतली कुणाची तरी फजिती. पिस्टन टॉपला पोचला आणि गोष्ट अर्ध्यातच थांबली. त्याने छातीवर मूठ ठेवली आणि वाक्याचा उरलेला भाग तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढला.

तिने पुढे फिरवलं. गोष्ट सुरळीत पूर्ण झाली आणि काका हसले.

४

ताई हट्टी होती आणि भित्री नव्हती. जे मोजता येत नाही ते नसतं, असं ती मानून चालली होती. तेव्हा मोजून बघू, असं तिने ठरवलं. तिने तिसरा पुन्हा टॉपला आणला आणि तेल भरलं. या वेळी आणखी कमी मावलं. आत जे काही होतं ते वाढत होतं, किंवा अंग पसरत होतं. तिने पार्टिशनचं दार उघडं ठेवलं, म्हणजे एका नजरेत भोकही दिसेल आणि धाकटाही.

तो स्टुलावर बसला होता. त्याची छाती वर आली, तेल वर आलं. छाती खाली गेली, तेल खाली गेलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. एकदा तरी चुकेल म्हणून वाट बघत राहिली. मग त्याने पाण्याची बाटली घेतली आणि तोंड न लावता, वरून धार धरून, एका दमात गटागटा प्यायला लागला. पाणी पिताना माणूस श्वास घेत नाही.

भोकातलं तेल थांबलं. वाटीतल्या तेलासारखं निश्चल झालं.

त्याने बाटली खाली ठेवली. तेल टरारून वर आलं.

तेवढ्यात काका काहीतरी बोलले आणि धाकट्याला हसू फुटलं. तेलाने भोकाच्या तोंडाशी छोट्या छोट्या उड्या मारल्या आणि ते हेडवर सांडलं. ते ओघळू नये म्हणून ताईने काही विचार न करता भोकावर अंगठा दाबला. हाताची सवयच तशी होती.

अंगठ्याला आतून ओढ लागली. अगदी हलकी, दूध पिणारं बाळ ओढतं तशी. पलीकडे हसणं तुटलं. धाकट्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत-जात नव्हतं. त्याचे डोळे मोठे झाले आणि तो ताईकडे बघत होता. काही कळून बघत नव्हता, माणूस बुडताना काठाकडे बघतो तसा बघत होता.

तिने अंगठा उचलला. तो खोकत खोकत भानावर आला, ठसका लागला म्हणाला, आणि काका त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागले.

ताईने तेल काढलं, हेडचे बोल्ट सोडले, चेनपुलीने हेड वर घेतलं. तिसऱ्या बोअरमध्ये तिने बॅटरी मारून पाहिलं. तिथे पिस्टन होता, त्याच्या डोक्यावरची वाटी होती, तेलाचा तवंग होता. दुसरं काहीही नव्हतं. तिला रडू आलं आणि ते तिने फडक्याने पुसलं. कोणी विचारलं असतं तर तेल उडालं म्हणाली असती, पण कोणी विचारलं नाही.

५

पुढचे काही दिवस तिने हेड चढू दिलं नाही. व्हॉल्व्ह घासायचेत, सील मागवलंय, स्प्रिंग बघायच्यात, रोज एक नवी सबब. त्या दिवसांत धाकटा असा खुलला की वहिनीने फोन करून ताईचे आभार मानले. तो शिट्टी वाजवत यायचा. काकांचा लेथचा जड चक त्याने एकट्याने उचलून दिला. उघड्या बोअरपाशी मात्र ताई कुणाला उभं राहू देत नव्हती. वर तिने स्वच्छ कापड ताणून बांधलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. ते कापड तिसऱ्यावर हलकं हलकं हलायचं. तिकडे बघायचं तिने सोडून दिलं.

शर्यत जवळ आली तेव्हा धाकट्याचा धीर सुटला. इंजिन जोडायलाच हवं होतं. मग ताईने आपला शब्द फिरवला. चौदाचे बसवू, ती म्हणाली. खोल वाटीचे. धाकट्याला आश्चर्य वाटलं, पण आपलंच म्हणणं खरं झालं म्हणून तो खूश झाला. ताईला टर्बोशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त आत जागा जास्त हवी होती, जे आत होतं त्याला मावता येईल इतकी.

चौदाच्या पिस्टनवर धाकटा नीट श्वास घेत होता. तिसरा टॉपला आला तरी जरासा थबकायचा, एवढंच. पण इंजिन पेटेना. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरली. नळकांड्यातून पांढरा धूर तेवढा येत राहिला. हीटर लावला, गरम पाणी ओतलं, काकांनी फडकं पेटवून हवेच्या तोंडाशी धरलं. इंजिन एकदा खोकल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. ताईने सांगितलेलं अक्षरशः खरं ठरलं होतं, आणि आता तेच तिला नको होतं.

“मूळचे घालू,” धाकटा म्हणाला. “साडेसतराचे. सोळाच्यांचाही आता भरवसा नाही. टर्बोचा दाब कमी ठेवीन. निदान सुरू तरी होईल. सगळ्यांसमोर तोंडावर पडण्यापेक्षा बरं.”

तेव्हा ताईने त्याला सगळं सांगितलं. तेल, बाटली, अंगठा, कापड. सांगता सांगता तिलाच ऐकू येत होतं की हे किती खुळचट वाटतंय. पण थांबली नाही. शेवटी म्हणाली की शर्यत गेली खड्ड्यात, हे इंजिन भंगारात घालू, नवीन घेऊ, तू म्हणशील ते घेऊ.

धाकटा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिचा तेलकट हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

“माझा श्वास इथे आहे, ताई,” तो म्हणाला. “लागतोय ना हाताला? तू दमली आहेस. दोन दिवस घरी झोप.”

लागत होता. शर्टाखाली छाती वर-खाली होत होती, लहानपणी तापात तिने तिथे औषध चोळलं होतं तीच. तिला त्याच्या जिवाची भीती वाटत होती आणि स्वतःच्या डोक्याचीही, आणि कुठली खरी धरावी हे कळत नव्हतं. काकांकडे पाहिलं तर ते खाली बघून चष्मा पुसत होते.

६

दुसऱ्या दिवशी धाकट्याने तिला जाड गॅस्केट आणायला परगावच्या दुकानात पाठवलं. गॅस्केट जाड घातलं की हेड तेवढंच वर राहतं, आत जागा वाढते, तुझंही मन राखल्यासारखं होईल, असं म्हणाला. ताई आनंदाने गेली. दुकानदाराने ते मागवून द्यायला वेळ लावला, मुक्काम पडला, आणि ती परत आली तेव्हा दुपार झाली होती. गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिला स्टार्टरचा आवाज आला आणि ती पळत सुटली. गॅस्केट तिच्या पिशवीत होतं.

टेबलावर चौदाचे पिस्टन ओळीने ठेवलेले होते. साडेसतराचे आत गेले होते. धाकटा स्टँडपाशी एका हाताने खांब धरून उभा होता. ओठ निळसर झाले होते, कपाळावर घाम होता. काका म्हणाले, सकाळपासून बसत-उठतच काम करतोय, थांब म्हटलं तर ऐकत नाही. ताईने पिशवी टाकली आणि थांब म्हणून ओरडली. तो स्टार्टर दाबून मोकळा झाला होता.

इंजिन या वेळी एकाच हिसक्यात सुरू झालं.

आवाज असा भरदार, असा गोल की ताई जागच्या जागी उभी राहिली. आयुष्यभर ती इंजिनं ऐकत आली होती. एकही ठोका मागेपुढे नव्हता. आणि धाकटा ताठ उभा राहिला. त्याच्या गालांवर रंग आला. त्याने खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला, आणि दोन्ही हात पसरून हसायला लागला. काकाही हसले. ताईचा जीव भांड्यात पडला. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आपण वेड्या ठरलो याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. तिने जाऊन त्याला मिठी मारली आणि त्याच्या छातीत ऐकलं. हृदय धडधडत होतं, श्वास चालू होता.

मग तिला दिसलं की श्वास चालू होता, पण धाकटा तो घेत नव्हता. तो बोलत होता, हसत होता, काकांना टर्बोचा काटा दाखवत होता, आणि छाती आपली वर-खाली होत होती, त्याच्या बोलण्याशी काही संबंध नसल्यासारखी.

“आता बंद करून बोल्ट पुन्हा एकदा आवळू,” तो म्हणाला आणि डिझेल बंद करायच्या दांडीकडे वळला. “मापाडीबाई, आता तरी मान्य कर की मी—”

त्याने दांडी ओढली.

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पुलीकडे बघत होती. इंजिन थांबताना शेवटी टॉपला कधी थांबत नाही. आतली दाबलेली हवा पिस्टनला मागे ढकलते, पुली जराशी उलटी झुलते आणि मध्येच कुठेतरी स्थिरावते. हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. पुली मंदावली. फिरली, फिरली, तिसऱ्याची खूण वर आली आणि नेमकी टॉपला थांबली. झुलली नाही.

मागे वाक्य पुरं झालं नाही.

७

तिने पाना उचलला, पुलीच्या बोल्टला लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. पुली हलेना. काकांनी धाकट्याला जमिनीवर निजवलं होतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि टाचा फरशीवर घासत होत्या, तो आवाज तिला ऐकू येत होता. तिने पाय भिंतीला लावले आणि पाना ओढला. खूण जराशी सरकली. आणखी सरकली. पिस्टन खाली आला आणि धाकट्याने किंकाळीसारखा श्वास आत ओढला.

तिने पकड जरा ढिली केली. पाना वर निघाला.

तिने पुन्हा धरला. आतून कोणीतरी रेटत होतं. जोराने नव्हे. सावकाश रेटायचं, जरा सैल पडायचं, पुन्हा रेटायचं. काकांनी पहार आणून इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या दात्यांत अडकवली. ताईने हात सैल केला तशी ती पहार हळूहळू बाहेर सरकली आणि खणकन फरशीवर पडली. मग तिने हात सैल केला नाही.

“हेड काढा,” ती म्हणाली. “काका, हेड काढा आधी. उघडं असलं की त्याला काही होत नाही.”

काकांनी पान्यांची पेटी ओढली. त्यांनी नळ्या सोडल्या, पाणी काढलं, बोल्ट सोडायला घेतले. कडेचे आधी, मधले शेवटी, हे ती सांगत राहिली, कारण बोलत राहिलं की हात दुखत नव्हते. धाकटा उठून स्टुलावर बसला होता. त्याला पांघरायला काकांनी आपला कोट दिला होता. तो दमलेला दिसत होता, पण चांगला होता, आणि आपल्याला काय झालं होतं ते त्याला आठवत नव्हतं.

चेन कुरकुरली. हेड वर उचललं. आता आत दाब राहायचं कारण नव्हतं, सगळं मोकळं झालं होतं. ताई पुलीच्या बाजूला खाली वाकलेली होती, तिथून तिला बोअर दिसत नव्हते. तिला फक्त हातातला पाना कळत होता. तो वर रेटत होता, पूर्वीसारखाच.

काकांनी बॅटरी घेतली. पहिल्या बोअरमध्ये पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं, मग तिसऱ्यावर वाकले. वाकलेलेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खालून कसलीतरी वाफ आली आणि चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या, मग निवळल्या, मग पुन्हा धुरकट झाल्या. त्यांनी चष्मा पुसला नाही. सरळ झाले, चेन धरली, आणि झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तितक्या हळू हेड खाली सोडून जागेवर बसवलं.

“काय आहे?” ताईने विचारलं.

ते बोल्ट गोळा करत होते. हातातून एक पडला, तो शोधून त्यांनी घेतला.

“काका.”

“पोरी, हात सोडू नकोस,” ते म्हणाले. तिच्याकडे न बघता त्यांनी पहिला बोल्ट लावला आणि आवळायला सुरुवात केली.

तिला घाम फुटला होता. खांद्यापासून बोटांपर्यंत हात थरथरत होते. स्टुलावरून धाकटा उठला, कोट बाजूला ठेवून तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला, आणि तिच्या कपाळावर आलेले केस त्याने मागे सारले. त्याचा श्वास तिच्या गालाला लागला, ऊन आणि थोडा डिझेलच्या वासाचा, आणि तिच्या हातातला पाना त्याच लयीत रेटत होता.

“दमलीस ना, ताई,” तो म्हणाला. “दे इकडे. मी धरतो.”